धुराचा निरोप कुणाला पोचतो?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना होता. पहाटे सव्वातीनच्या सुमारास माझा मोबाईल वाजला. फोन होता अँटॉप हिलच्या एका टॉवरमधून, चौदाव्या मजल्यावरून. बोलणाऱ्या बाईंना मी ओळखत नव्हतो. त्या म्हणाल्या, ''समोरच्या फ्लॅटमधून रात्रभर टिक्-टिक् असा आवाज येतोय. त्यांच्या दारावर तुमच्या नंबरचं स्टिकर आहे, म्हणून फोन केला. आत एकट्या बाई राहतात. बेल वाजवली, पण त्या काही दार उघडत नाहीत.''

मी विचारलं, ''वहिनी, तो आवाज कसा येतोय? सलग तीन वेळा वाजून थांबतो, की एकदाच वाजून बराच वेळ गप्प राहतो?''

''एकदाच. मग मिनिटभर काही नाही. मग पुन्हा एकदा.''

मी सुटकेचा श्वास टाकला. तीन ठोके, विराम, पुन्हा तीन ठोके, म्हणजे धूर. एकच बारीक टिक् आणि मग मोठी शांतता, म्हणजे बॅटरी संपत आली. स्मोक डिटेक्टरची भाषा एवढीच असते, पण ती घरातल्या माणसांना कुणी शिकवलेली नसते. बॅटरीची तक्रार बहुधा पहाटेच सुरू होते, कारण पहाटे गारवा असतो आणि गारव्यात थकलेल्या बॅटरीचा दाब आणखी उतरतो. दुपारी हेच यंत्र निमूट असतं. म्हणून लोकांना वाटतं, याला काही झालेलं नाही.

सकाळी आठ वाजता मी तिथे पोचलो. दार उघडलं ते निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंनी. त्यांना सगळी इमारत 'बाई' म्हणते, मीही तसंच म्हणतो. त्या म्हणाल्या, ''अरे, मला तर काही ऐकू आलं नाही. झोपताना कानातलं यंत्र मी काढून ठेवते. त्या छतावरच्या डबीतला लाल दिवा लुकलुकताना दिसला, मला वाटलं चालू आहे म्हणून लुकलुकतोय.''

त्या एका वाक्याने माझी झोप उडाली. कारण वयोमानाने माणसाची श्रवणशक्ती कमी होते, ती आधी उंच पट्टीच्या आवाजांसाठी. आणि डिटेक्टरचा भोंगा नेमका उंच पट्टीचा, साधारण तीन हजार हर्ट्झचा असतो. म्हणजे ज्यांच्यासाठी हे यंत्र सर्वांत गरजेचं, त्यांनाच ते सर्वांत कमी ऐकू जातं. परदेशात आता अशा माणसांसाठी 520 हर्ट्झचे, खर्जातले भोंगे मिळतात. बाईंच्या मुलाने हे ओळखूनच आईच्या घरी बिनतारी अलार्म बसवून घेतला होता. भोंगा आईला नाही ऐकू आला, तरी निरोप बाहेर कुणाला तरी पोचावा, ही त्याची इच्छा. आजचं माझं बोलणं या निरोपाबद्दल आहे. तो कुठून निघतो, वाटेत कुठे अडतो आणि अडला तर शोधायचा कसा?

आधी त्या डबीत काय असतं ते पाहू. धूर ओळखणारं यंत्र शोधलं गेलं ते थोडं योगायोगानेच. 1930 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर येगर हे शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं उपकरण करत होते. वायूला ते उपकरण दाद देईना, पण सिगारेटच्या धुराने मात्र त्याचा काटा हलला. त्या तत्त्वावरच्या डिटेक्टरमध्ये अमेरिसियम नावाच्या किरणोत्सारी मूलद्रव्याचा सूक्ष्म कण असतो. आज घरोघरी दिसतो तो बहुतेक दुसरा प्रकार. त्यात एक अंधारी खोली असते. एका कोपऱ्यात न दिसणाऱ्या प्रकाशाचा दिवा आणि दुसरीकडे, त्या प्रकाशाच्या थेट वाटेत येणार नाही असा, एक डोळा. एरवी डोळ्याला काही दिसत नाही. धूर आत शिरला की प्रकाश त्याच्या कणांवर आपटून विखुरतो, डोळ्यापर्यंत पोचतो आणि भोंगा वाजतो. वायर जळणं, गादी धुमसणं, अशी ज्वाळेआधी खूप धूर देणारी आग हा प्रकार लवकर पकडतो.

आता बिनतारी यंत्रणेतली साखळी ध्यानात घ्या. पहिली कडी ही अंधारी खोली. दुसरी, डिटेक्टरमधला छोटा रेडिओ. तिसरी, घरातलं पॅनेल, जे सगळ्या डिटेक्टरांचं ऐकतं. चौथी, पॅनेलमधून बाहेर जाणारी वाट, म्हणजे इंटरनेट किंवा सिमकार्ड. पाचवी, कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बसलेला माणूस. आणि सहावी, तो ज्याला फोन करतो तो माणूस. यातली कुठलीही एक कडी निसटली, की उरलेल्या पाच शोभेच्या.

डिटेक्टर पॅनेलकडे चार प्रकारचे निरोप पाठवतो. पहिला, 'धूर'. दुसरा, 'बॅटरी संपतेय'. तिसरा, 'मला कुणीतरी जागेवरून काढलंय'. आणि चौथा सर्वांत महत्त्वाचा, पण कुणाच्या लक्षात न येणारा, तो म्हणजे हजेरी. शाळेत जशी हजेरी घेतात तसा डिटेक्टर ठराविक वेळाने 'मी आहे' असं सांगत असतो. काही यंत्रणांत दर काही मिनिटांनी, काहींत तासा-तासाने. बऱ्याच हजेऱ्या चुकल्या, की पॅनेल 'संपर्क तुटला' असं जाहीर करतं. हा आगीचा इशारा नाही. आग लागली तर मला कळेलच याची आता खात्री नाही, एवढंच पॅनेल सांगत असतं. आणि लोक नेमका हाच इशारा बटण दाबून गप्प करतात.

बाईंच्या बेडरूममधल्या डिटेक्टरची बॅटरी मी बदलली. इथेही एक गोष्ट सांगून ठेवतो. बॅटरी बदलली तरी पॅनेलवरचा इशारा लगेच जात नाही. डिटेक्टरने 'आता मी ठीक आहे' असं कळवेपर्यंत पॅनेल जुनीच तक्रार धरून बसतं. म्हणून जुनी बॅटरी काढल्यावर थोडा वेळ थांबायचं, नवी घालायची, चाचणीचं बटण दाबायचं आणि मग पॅनेलवरची नोंद पुसायची. बॅटरी यंत्रावर लिहिलेल्याच जातीची हवी, ताज्या तारखेची हवी. घड्याळातली उरलेली किंवा चार्ज करून वापरायची इथे चालत नाही. आपल्याकडे खारी हवा आहे, तेव्हा आतल्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखं काही धरलंय का, तेही पाहायचं.

काम झालं म्हणून निघणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, ''अरे, मुलाचा न्यू जर्सीहून रोज फोन येतोय. त्याला मोबाईलवर काहीतरी येतं म्हणे. रोज. तो सकाळी ऑफिसात पोचला, की आलंच.''

मी त्याला मोबाईलवर विचारलं. मेसेज होता, 'पॅसेजमधल्या डिटेक्टरशी संपर्क तुटला'. रोज आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसातच्या आसपास येतो आणि रात्री दहानंतर 'संपर्क पूर्ववत' असा दुसरा येतो. त्याने कंपनीला कळवलं होतं. त्यांनी दोनदा डिटेक्टर बदलून दिला होता. दोष कायम.

श्रोतेहो, रोज ठराविक वेळी येणारा दोष यंत्रात क्वचितच असतो. तो घराच्या दिनक्रमात असतो. म्हणून मी बाईंना विचारलं, ''संध्याकाळी सात वाजता तुम्ही काय करता?'' त्या म्हणाल्या, ''काय करणार? देवापाशी दिवा लावते, रेडिओ लावते.''

मी संध्याकाळी पुन्हा गेलो. दिवाळीपूर्वी घराला रंग काढला होता. त्यानंतर नवा देव्हारा आला होता आणि त्याच्या मागे रंगीत एलईडी दिव्यांची पट्टी. तिचा अ‍ॅडॉप्टर टीव्हीच्या कपाटात, आणि त्याला अगदी चिकटून अलार्मचं पॅनेल. रंगाऱ्यांनी भिंत मोकळी करण्यासाठी ते जुन्या जागेवरून काढून इथे ठेवलं होतं.

बाईंचा जुना ट्रान्झिस्टर मी हातात घेतला आणि मीडियम वेव्हवर लावून त्या अ‍ॅडॉप्टरजवळ नेला. गाणं बुडालं आणि नुसती खरखर ऐकू येऊ लागली. दिवे बंद केले, गाणं परत आलं. हा प्रयोग तुम्हीही घरी करून पाहा. कोणता चार्जर किंवा दिव्याचा अ‍ॅडॉप्टर रेडिओलहरींचा गोंगाट करतो, ते ट्रान्झिस्टर तत्काळ सांगतो. पण एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही, कारण मीडियम वेव्हचा पट्टा वेगळा आणि डिटेक्टरचा वेगळा. म्हणून मी पॅनेलवर पॅसेजच्या डिटेक्टरच्या सिग्नलच्या दांड्या पाहिल्या. दिवे चालू असताना एक, तीही येत-जात. दिवे बंद केल्यावर तीन. तीन वेळा चालू-बंद केलं, तीनही वेळा तेच. आता खात्री पटली. गर्दीत कुणी हळू आवाजात हाक मारावी आणि शेजारी बँड वाजत असावा, तसा तो प्रकार होता.

पॅनेल कपाटातून काढून मोकळ्या भिंतीवर, अ‍ॅडॉप्टरपासून लांब लावलं. त्या रात्री मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोनदा बदललेला डिटेक्टर निर्दोष होता.

सिग्नल कमी येण्याची आपल्या मुंबईतली कारणं ठरलेली आहेत. पहिलं, आरसीसीच्या भिंती आणि तुळया. त्यांच्यातली लोखंडी सळ्यांची जाळी रेडिओलहरी अडवते. दुसरं, लोखंडी कपाट. पॅनेल आणि डिटेक्टर यांच्या मध्ये पत्र्याचं कपाट किंवा फ्रिज आला, की निरोप वळसा घेऊन जातो, कधी जातच नाही. तिसरं, आरसे आणि पत्र्याचे पत्रे. चौथं, गोंगाट करणारी स्वस्त विजेची उपकरणं. यावरचा पहिला उपाय फुकटचा आहे. डिटेक्टर किंवा पॅनेल वीतभर सरकवून पाहायचं. 433 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 70 सेंटीमीटर लांब असते आणि 866 ची साधारण 35. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना काही ठिकाणी मारतात, काही ठिकाणी बळ देतात. अशी मुकी जागा अगदी लहान असते. म्हणून वीतभर सरकल्यानेही मोठा फरक पडतो.

आणखी एक दोष आपल्याकडे विमानातून येतो. मुलं-मुली अमेरिकेहून येताना सुटकेसमध्ये डिटेक्टर घेऊन येतात. भाव बरा असतो, माया मोठी असते. पण तिकडचे बिनतारी डिटेक्टर 319.5 किंवा 345 मेगाहर्ट्झवर बोलतात, काही 915 च्या आसपास. युरोपात 868 चालतं. आपल्याकडे अशा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टा 2005 साली परवानामुक्त झाला, पुढे तो 868 पर्यंत वाढवला गेला. आणि 915 च्या आसपासचा भाग आपल्याकडे मोबाईल सेवेचा आहे. एकाने गुजरातीत हाक मारावी आणि दुसऱ्याने तमिळमध्ये कान लावावेत, तशातली गत. अशी डबी छतावर लावली तर तिचा भोंगा वाजेल, पण पॅनेलला त्याचा पत्ताही लागणार नाही. घेण्याआधी पॅनेल आणि डिटेक्टर एकाच पट्ट्यावरचे आणि एकाच पद्धतीचे आहेत ना, एवढं विचारा.

आता मी माझ्या चुकीकडे येतो. ती सांगितल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही.

सिग्नल सुधारल्यावर मी ठरवलं, सगळी साखळी धुरापासून तपासायची. चाचणीसाठी डब्यात भरलेला धूर मिळतो. एका लांब दांड्याला पेला लावून तो डिटेक्टरपाशी धरायचा. त्याआधी कंट्रोल रूमला फोन करून 'आम्ही चाचणी करतोय' असं कळवायचं, नाहीतर तिकडे धावपळ होते. बेडरूमचा डिटेक्टर दहा-पंधरा सेकंदांत वाजला. हॉलचा वाजला. पॅसेजचा वाजेना. पुन्हा धूर दिला, तरी ढिम्म. बटण दाबलं, तर छान वाजला आणि पॅनेलवरही उमटला.

शिडी लावून वर चढलो. डिटेक्टरच्या कडेने ज्या बारीक फटी असतात, ज्यातून धूर आत जातो, त्या सगळ्या पांढऱ्या चिकटपट्टीने बंद होत्या. रंगाऱ्याने रंग आत जाऊ नये म्हणून पट्टी लावली होती, आणि काढायची राहिली होती. कंपनीच्या माणसाने डिटेक्टर बदलला तेव्हा आतला भाग बदलून वरचं झाकण तेच बसवलं होतं. पांढऱ्या डबीवर पांढरी पट्टी, खालून पाहणाऱ्याला कशी दिसणार?

पण मी नोव्हेंबरात, रंग झाल्यावर, वार्षिक तपासणीला त्याच घरात आलो होतो. खाली उभं राहून काठीने बटण दाबलं होतं, भोंगा वाजला होता, आणि मी कागदावर 'सर्व डिटेक्टर ठीक' असं लिहून सही केली होती. बटणाने भोंगा तपासला जातो, रेडिओ तपासला जातो. धूर आत शिरतो की नाही, हे बटणाला कळत नाही. नोव्हेंबर ते मार्च, चार महिने त्या घरात स्वयंपाकघराजवळचा डिटेक्टर आंधळा होता आणि त्याच्या प्रकृतीच्या दाखल्यावर माझी सही होती.

मी बाईंना ते सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ''पेपर न वाचता मार्क दिलेस म्हणायचे.'' मी मान खाली घातली. त्या दिवसापासून मी शिडीशिवाय तपासणीला जात नाही.

अशा आंधळ्या यंत्रांची किंमत या शहराने मोजलेली आहे. 22 ऑगस्ट 2018 ला परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, 4 माणसं गेली. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत नसल्याचं पाहणीत आढळलं. झेन सदावर्ते या दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकवलेलं आठवून शेजाऱ्यांना ओलं सुती कापड नाकाशी धरायला सांगितलं, म्हणून अनेकांचा जीव वाचला. तिला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. 22 ऑक्टोबर 2021 ला करी रोडच्या अविघ्न पार्क या उंच इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली आणि एका सुरक्षारक्षकाचा खाली पडून मृत्यू झाला. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे सोसायटीने दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून, यंत्रणा चालू असल्याचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र द्यायचं असतं. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना ते दाखवायला सांगा. पण ते देणाऱ्याने शिडी लावली होती का, हेही जरूर विचारा.

पॅसेजची पट्टी काढली, फटी मऊ ब्रशने झटकल्या. धूर दिला, आठव्या सेकंदाला डिटेक्टर वाजला. पॅनेलवर उमटला. कंट्रोल रूममधून फोन आला, ''सर, सिग्नल मिळाला.'' मी म्हटलं, ''आता खरी आग आहे असं समजा आणि तुमच्या यादीप्रमाणे फोन करा.''

यादीत तीन नंबर होते. पहिला मुलाचा. आपल्याकडे सकाळचे 11 वाजले होते, न्यू जर्सीत रात्रीचा दीड. फोन वाजून वाजून थांबला. दुसरा नंबर घरातल्या लँडलाइनचा. ती लाइन बाईंनी दोन वर्षांपूर्वीच परत केली होती. तिसरा खुद्द बाईंचा मोबाईल. तो स्वयंपाकघरात वाजला. बाई हॉलमध्ये बसल्या होत्या, त्यांना ऐकू आला नाही.

छतावरच्या अंधाऱ्या खोलीपासून कंट्रोल रूमपर्यंत पाच कड्या आता शाबूत होत्या. सहावी जागेवर नव्हती. धुराचा निरोप समुद्रापार जाऊन परत आला होता, आणि पहाटे सव्वातीनला जिने तो आवाज ऐकला होता, ती समोरच्या दारातली वहिनी यादीत नव्हती.

मी समोरची बेल वाजवली. वहिनी पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, ''अहो, माझा नंबर घाला की. आणि बाई, एक किल्ली आमच्याकडे ठेवा. मी मागणार होते, पण कसं मागायचं म्हणून गप्प बसले.'' बाई म्हणाल्या, ''आणि मी देणार होते, पण तुला त्रास कशाला म्हणून गप्प बसले.'' श्रोतेहो, चाळीत हा प्रश्नच नव्हता. तिथे कुणाच्या घरून करपल्याचा वास आला, की चार घरांतून हाक येत असे. फ्लॅटच्या बंद दारांमागे ती हाक आता आपल्याला यादीत लिहून ठेवावी लागते.

यादी बदलली. पहिला नंबर समोरच्या वहिनींचा, दुसरा इमारतीच्या गेटवरच्या केबिनचा, तिसरा त्याच विंगमधल्या दुसऱ्या एका घराचा, चौथा मुलाचा. कंट्रोल रूमला लिहून दिलं, की पहिल्या दोघांनी फोन उचलला नाही तर वाट न पाहता 101 ला कळवा. बाईंच्या उशाखाली ठेवायला कंप होणारी एक चकती बसवली. भोंगा वाजला, की ती उशी हलवते.

पॅनेलची बाहेर जाणारी वाटही तपासली. इंटरनेटचा राउटर विजेवर चालतो, आणि शॉर्टसर्किट झालं की घरात आधी वीजच जाते. म्हणून पॅनेलमध्ये सिमकार्डही हवं. बाईंच्या पॅनेलमध्ये ते होतं, पण त्याचं रिचार्ज संपलेलं. पॅनेलच्या आतली बॅटरीही तीन-चार वर्षांनी म्हातारी होते. वीज मुद्दाम बंद करून निरोप जातो का, हे पाहिल्याशिवाय तपासणी झाली असं म्हणू नये.

जुलै महिन्यात, एका पावसाळी दुपारी तीनच्या सुमारास, मला कंट्रोल रूमचा फोन आला. पॅसेजच्या डिटेक्टरने 'धूर' असं कळवलं होतं. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. फ्रिजमागच्या एक्स्टेन्शन बोर्डात ओल शिरून तो धुमसायला लागला होता. ज्वाळा नव्हती, काळा उग्र धूर होता. वहिनींच्या घरी टीव्ही चालू होता, भोंगा त्यांना ऐकू आला नव्हता. फोन ऐकू आला. त्यांनी आधी हाताच्या पालथ्या बाजूने दार गरम आहे का ते पाहिलं. गार होतं. किल्लीने दार उघडलं, दाराजवळचा मेन स्विच पाडला आणि बाईंना हाताला धरून बाहेर आणलं. पाणी ओतलं नाही, हे फार बरं केलं, कारण विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं. दार गरम असतं किंवा आतून दाट धूर आला असता, तर त्यांनीही आत न जाता दार लावून 101 फिरवायचं, हे त्यांना आम्ही सांगून ठेवलं होतं.

बाई लॉबीत खुर्चीवर बसल्या होत्या. उशी हलल्याने त्या नुकत्याच उठल्या होत्या आणि कानातलं यंत्र शोधत होत्या. त्या म्हणाल्या, ''मला वाटलं भूकंप झाला.'' भिंतीला हातभर काळा डाग पडला होता. बाईंनी अजून त्यावर रंग दिलेला नाही. ''राहू दे,'' म्हणतात, ''रंगारी आला की आधी त्याला हा डाग दाखवीन.''

त्या डागाकडे पाहताना माझ्या मनात एकच हिशेब येतो. ही ओल नोव्हेंबर ते मार्चमध्ये शिरली असती तर? त्या हिशेबाचं उत्तर मी कधी पुरं केलेलं नाही.

जाता जाता, घरी करण्यासारख्या काही गोष्टी.

डिटेक्टर स्वयंपाकघरात लावू नका. फोडणीला तो रोज ओरडेल आणि एके दिवशी तुम्ही त्याची बॅटरी काढून ठेवाल. तिथे उष्णतेवर चालणारा डिटेक्टर लावा, साधारण 57 अंशांना तो जागा होतो. स्मोक डिटेक्टर शेगडीपासून निदान दहा फूट लांब, छतावर, पण पंख्याच्या वाऱ्यात नको, कारण पंखा धूर उडवून लावतो. अगदी भिंतीच्या कोपऱ्यातही नको, तिथे हवा साचते आणि धूर पोचत नाही. धूप, कापूर, डासांची कॉइल त्याच्या थेट खाली लावू नका. स्मोक डिटेक्टरला गॅसची गळती कळत नाही. त्यासाठी वेगळं यंत्र असतं. सिलिंडरचा गॅस जड असतो, म्हणून ते जमिनीजवळ लावायचं. पाइपने येणारा गॅस हलका, म्हणून तिथे वर, छताजवळ.

भोंगा विनाकारण वाजत असेल तर आधी आत धूळ, कोळिष्टक किंवा मुंगी आहे का पाहा. डबीच्या मागे तारीख छापलेली असते. दहा वर्षं झाली असतील तर ती बदलाच, कितीही छान वाजत असली तरी. रंग काढताना डिटेक्टर झाका, पण झाकल्याची चिठ्ठी दारावर चिकटवा, आणि डिटेक्टर उघडा केल्यावरच ती काढा.

आणि वर्षातून एक दिवस ठरवा. मी 14 एप्रिल सुचवतो. 1944 साली याच दिवशी मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, आणि आग विझवताना अग्निशमन दलाच्या साठाहून अधिक जवानांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ तेव्हापासूनचा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळतात. अँटॉप हिलपासून ती गोदी फार लांब नाही. त्या दिवशी शिडी लावा, धूर द्या, आणि शेवटपर्यंत थांबा. भोंगा वाजला म्हणून उतरू नका, पॅनेलवर दिसलं म्हणून उतरू नका. समोरच्या दारातून कुणीतरी ''काय झालं हो?'' असं विचारत बाहेर येईल, तेव्हाच शिडीवरून खाली उतरा.